काळा धूर

शिरूरला माझं गॅरेज आहे. टर्बो डिझेल गाड्यांना मी जादा डिझेल सोडणारा ट्यूनिंग बॉक्स बसवतो. काळा धूर म्हणजे ताकद, हे खूळ आमच्याकडं ज्यानं पसरवलं त्याला जोड्यानं हाणलं पाहिजे.

न्हावऱ्याचा एक बागायतदार मागंच लागला. "धूर दिसंना! वाढवा की अजून."

इतक्या डिझेलनं पिस्टन वितळतो, हे मला ठाऊक होतं. तरी वैतागून वाढवलं.

आठवड्यातच त्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली. दौंडच्या दवाखान्यात नेताना पिस्टन वितळून गाडी इनामगावजवळ बंद पडली. म्हातारा मागच्या सीटवरच गेला.

दहाव्याला तो मला म्हणाला, "डिझेलात भेसळ हुती. दुसरं काय!"

मी म्हणालो, "व्हय."