सात भागांतले हात

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातल्या वायरी जोडायचं काम बाईंनी सोळा वर्षं केलं, आणि सोळा वर्षं गिऱ्हाइकांना वाटत राहिलं की ते मालकच करतात. मालक दुकानाच्या काउंटरवर, बाई मागच्या खोलीत, मध्ये पडदा. गिटार पडद्याआड मुकी जायची, बोलती होऊन यायची, आणि "काय हात आहे साहेब तुमचा!" हे बाई आत बसून ऐकायच्या. हात माझा नाही, असं मालक कधी म्हणाले नाहीत. म्हणतील कशाला? फुकटात पाठ थोपटून मिळत असेल तर कोण नको म्हणतंय?

त्याआधी बाई रेडिओच्या कारखान्यात होत्या. कारखान्याला टाळं लागलं तोवर त्यांचा हात असा बसला होता की गप्पा मारता मारता जोड व्हायचा.

मग मालकांच्या डोक्यात आलं, नवशिक्यांसाठी सोल्डरिंगचे, म्हणजे वायरी झाळून जोडायचे, व्हिडिओ काढायचे. सात भाग. "तुम्ही करून दाखवा, मी बोलतो."

बाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. "त्यात माझं नाव सांगाल ना?"

"अहो, म्हणजे काय! शेवटच्या भागात तुमची ओळखच करून देऊ."

तेवढ्यावर बाई हरखल्या. आपल्या कामाला एकदा आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची हाव. घरी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

शूटिंगच्या दिवशी मालकांनी त्यांना घालायला आपला स्वतःचा फुल शर्ट आणि काळे हातमोजे आणले. "सेफ्टीसाठी," म्हणे. अहो, एवढ्या बारीक कामाला हातमोजे कोण घालतं? वायर बोटांना कळायला नको? तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. भल्या माणसांचं हेच तर वाईट असतं.

शिकवलं मात्र जीव ओतून. बाई हळूच सांगायच्या आणि मालक तेच माइकमध्ये ठणकावून बोलायचे. आधी गिटारवर जुना टॉवेल पसरा, वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब सांडला तरी पॉलिशवर कायमचा डाग. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसा. तापवायचा तो जोड. आयर्नवर सोल्डर वितळवून वरून थापायचं नाही. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या पॉटची पाठ आधी सँडपेपरने घासा, नाहीतर सोल्डर धरत नाही, तुम्ही आयर्न दाबून बसता आणि पॉट आतून भाजून निघतो. जोड थंड होईपर्यंत वायर हलवू नका, आणि घाई झाली म्हणून फुंकर तर मुळीच मारू नका. सगळे नवशिके फुंकर मारतात. मग जोड राखाडी पडतो. वरून धरलेला दिसतो, आतून सुटलेला असतो.

सातवा भाग नवरा-बायकोने मोबाइल उशीला टेकवून पाहिला. शेवटी मालकांचा हसरा चेहरा आला. "हे सगळं मी माझ्या चुकांमधून शिकलो, मित्रांनो." संपलं.

"अगं, आणि तू?" नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं. मालकांनी मोबाइलवरून नजरसुद्धा काढली नाही. "व्हिडिओ लांबत होता हो. लोकांना जोड बघायचा असतो, तुमचं नाव घेऊन काय करतील ते?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तोंडातून काय निघालं? "बरं." या एका शब्दाने बाईंचं आयुष्यभर वाटोळं केलं, दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती.

व्हिडिओ धो धो चालले. लोक घरच्या घरी दुरुस्ती करायला लागले, दुकानात गिटारी येईनात. मालकांनी क्लास काढला, त्यांचं छान चाललं. पाचव्या महिन्यात त्यांनी पडदा बाजूला करून सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. तुमच्याजोगं कामच उरलं नाही."

घर चालवायचं तर हातपाय हलवायलाच हवेत. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेल्या. तिथला कारागीर तिशीतला, बोलायला गोड. त्याने एक उघडी गिटार पुढे ठेवली. केबल खुपसायच्या जॅकची वायर सुटली होती. बाईंनी जोडली. त्याने भिंग लावून पाहिलं, वायर ओढून पाहिली.

"वा! अगदी आमच्या सरांसारखा जोड. त्यांचेच व्हिडिओ बघून शिकलात ना?"

या वेळी बाई "बरं" म्हणाल्या नाहीत. "त्यातले हात माझे आहेत," त्या म्हणाल्या. शर्ट, हातमोजे, मागची खोली, सगळं सांगितलं.

कारागिराने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाला, "मावशी, गरज असली की माणूस काहीही बोलतो. मी समजू शकतो. पण सर मला गुरूच्या जागी आहेत. त्यांच्याबद्दल पुन्हा असं बोलणार नसाल, तर शिकाऊ म्हणून ठेवतो तुम्हाला."

बाईंनी आयर्न स्टँडमध्ये ठेवलं.

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता येऊ?"