बिसरामच्या खिशातला वाघ

बिसराम मडावीला मी वीस वर्षं ओळखते. आमच्या दोन घरांमध्ये एकच कुंपण, तेही मोडकं, त्यामुळे काही लपत नाही. नागझिऱ्याच्या जंगलातला जुना गाइड. दोनशे पावलांवरच्या झुडपातला सांबराचा कान त्याला दिसतो. स्वतःची चप्पल मात्र रोज बायकोनं शोधून द्यावी लागते. बायको म्हणजे फुलवंता. पण हे नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आमच्याकडची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, आणि हा तर त्यातही पक्का. ‘मोनालीची माय’ म्हणतो, नाहीतर नुसता खोकतो.

यंदा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाचा व्हिडिओ काढून आला. “वाघ समोर, अन् मी जागचा हाललो नाही,” हे त्यानं आठ दिवसांत सगळ्या गावाला दोनदा सांगितलं. मला चारदा, कुंपणामुळे. पुरावा मात्र पुरेना. फोनची काच तडकलेली, स्पीकर रांजणात पडून मुका झालेला. चित्रात पिवळं काहीतरी हलायचं, बस. “पिकली पपई हाय,” मी म्हटलं, आणि तेच गावभर झालं. कुणी केलं, देव जाणे. एवढ्या जुन्या गाइडला पोरंटोरं रस्त्यात पपईचे हालहवाल विचारू लागली. त्याला जेवण गोड लागेना.

शेवटी व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. मुलगी मोनाली गोंदियाला नोकरीला. तिनं आपला जुना कॉम्प्युटर लिनक्स टाकून घरी ठेवलाय. रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण तिथं जमलो. बिसरामनं वायर लावली. काढली, फुंकली, पुन्हा लावली. पडद्यावर एकच गाणं, फोन उघडता येत नाही. कुणी म्हणे वायर खराब, कुणी म्हणे लिनक्सला वाघ चालत नाही. मी म्हटलं, पपई चालते का पाहा.

गंमत अशी, की फोन होता त्याच्या शर्टाच्या खिशात. जंगलाच्या गेटाच्या आत गेलं की फोन खिशात, हा गाइडचा नेम, तो घरीही सुटेना. वायर खिशातून कॉम्प्युटरपर्यंत, आणि हा खुर्चीवर सलाईन लावल्यासारखा. नजर समोरच्या पडद्यावर, जशी झुडपावर असते तशी.

फुलवंता चहा घेऊन आली. खिशातला उजेड तिलाच दिसला. तिनं फोन ओढून काढला, नवऱ्याचं बोट धरून त्यावर टेकवलं, लॉक उघडलं.

“हा फोन केव्हाचा पुसून राहिला, नुसती चार्जिंग कराची का फाइल बी द्याची? त्याले उत्तर कोन देईन, वाघ?”

तिनं ‘फाइल ट्रान्सफर’ दाबलं. कॉम्प्युटरवर डाव्या कडेला फोनचं नाव उगवलं. बिसराम माऊसनं टिचक्या मारत व्हिडिओपर्यंत पोचला.

वाघ होता. नाल्यापलीकडे, पट्ट्यांसकट, खराखुरा. मी पपई मुकाट्यानं गिळली. बिसरामची छाती शर्टात मावेना. मग चित्र हललं. आभाळ, पळसाची पानं, बिनचपलेचा एक पाय.

“वारा होता,” तो म्हणाला.

पण कॉम्प्युटरचा स्पीकर काही रांजणात पडला नव्हता. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा त्यातून आवाज आला:

“फुलवंता! वो फुलवंता! वाघ आला वो!”

घर तिथून चार कोस. आम्ही बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. फुलवंतानं पदर तोंडाशी धरला, कानापर्यंत लाल झाली.

“एक डाव आनखी लावा,” ती म्हणाली.

बिसराम नुसता खोकला. मग मीच लावला.