ट्रंकेच्या झाकणावरचा गेनबा

“ब्लॉक कुठे आहे?” संपादकांनी विचारले.

“मोडीत गेला.”

“कोणी घातला?”

“मी.”

एका साप्ताहिकाच्या ब्लॉक विभागाचा मी प्रमुख होतो. ब्लॉक म्हणजे चित्र उठावदार कोरलेला जस्ताचा पत्रा. त्याला शाई लावून चित्र छापत. जागा अडते म्हणून जुने ब्लॉक मी मोडीत काढले. त्यांतच गेनबाला श्रद्धांजली म्हणून छापलेले व्यंगचित्र गेले. गेनबा तमाशातला सोंगाड्या. साऱ्या मुळशीचा त्याच्यावर जीव होता. चित्रात तो ढगावर उभा राहून बतावणी करीत होता, देव पोट धरून हसत होते आणि खुद्द यम मशाल धरून उभा होता. वर्षश्राद्धाच्या अंकावर तेच छापणार, अशी जाहिरात होऊन गेली होती. फायलीतले पान कोणीतरी कापून नेलेले आणि व्यंगचित्रकारांपाशीही मूळ चित्र नव्हते. चित्र शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर राजीनामा आणा, असे संपादकांनी सांगितले.

पौडच्या पेपरविक्रेत्याने पत्ता दिला: गेनबाचा ढोलकीवाला सखाराम, मुक्काम भरे. त्याने चित्र ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले होते. खेळापूर्वी ढोलकीला आणि घुंगरांना कुंकू लावताना तो गेनबाच्या कपाळालाही लावी. वर्षभराचे कुंकू कागदात मुरले होते.

मी झाकण मागितले.

“गेनबा एकटा कुटं जात न्हाई. मी बी येतुया.”

ट्रंक मांडीवर उघडी ठेवून तो एसटीत बसला. कंडक्टरने चित्र पाहून गेनबाची एक बतावणी म्हटली. बावधनपर्यंत सारी गाडी हसत होती. मीही एकदा हसलो असेन.

आमच्या कॅमेऱ्याला लाल रंग काळा दिसे. म्हणजे कपाळावर काळा ठिपका येणार. तो झाकण्यासाठी मी पांढऱ्या रंगाचा ब्रश उचलला. सखारामने मनगट धरले.

“सायेब, कुकू पुसायचं न्हाई. उगड्या कपाळानं त्यो कंदी उभा ऱ्हायला न्हाई.”

वाद घालण्यास वेळ नव्हता. तसाच ब्लॉक केला.

शुक्रवारी संपादकांनी प्रूफ व्यंगचित्रकारांपुढे ठेवले. माझा राजीनामा खिशात तयार होता. व्यंगचित्रकारांनी कपाळावरचा ठिपका न्याहाळला.

“टिळा काढायचा मी विसरलो होतो,” ते म्हणाले. “दुरुस्ती कोणी केली?”

मी सखारामकडे बोट दाखवले. तो झाकणावर बोटांनी ठेका धरून बसला होता.

अंक इतका खपला, की दोनदा छापावा लागला. त्यानंतर मी नियम केला: ब्लॉक मोडीत काढण्यापूर्वी एक स्वच्छ प्रत ठेवावी. स्वच्छ नसली तरी चालते.