बीबीला नेलेला नारळ

दुसरबीडच्या शिवारातलं आईचं तीन एकर वावर रस्त्यात गेलं, मोबदला तिच्या खात्यात जमा झाला, आणि तेव्हापासून मला हुशार माणसं फार भेटायला लागली. कोणी पैसा दुप्पट करून देणार होतं, कोणी तिप्पट. एरवी चहाचे पैसे काढताना ज्यांचे हात खिशातच अडकायचे, ते मला बोलावून चहा पाजत होते. वडील गेल्यापासून त्या वावरावरच आईचं चालायचं. मुलापुढं हात पसरायची वेळ तिनं स्वतःवर येऊ दिली नव्हती. हा पैसा बुडाला असता तर तेच वावर दुसऱ्यांदा गेलं असतं.

मी शाळामास्तर, त्यामुळे आपल्याला सगळं लवकर कळतं असा माझा समज. चिखलीतल्या एका सल्लागारानं हॉटेलात सभा घेतली, जेवू घातलं, पडद्यावर वर चढत जाणाऱ्या रेघा दाखवल्या. सल्ला फुकट. मी पुरता पाघळलो आणि पुढच्याच आठवड्यात आईला त्याच्या ऑफिसात घेऊन गेलो.

आईच्या पिशवीत नारळ होता. सोयरीक पक्की करायला निघावं तसा तिनं तो सोबत घेतला होता. मला लाज वाटली, पण तिच्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही. ऑफिसात तिनं त्या माणसाला एवढंच विचारलं की गाव कोणतं आणि घरी कोण कोण असतं. तो हसला आणि रेघांकडे वळला. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा रेघांकडेच. आई उठली.

बाहेर आल्यावर मी चिडलो. पैशाच्या कामात गाव कशाला हवं, लोक आपल्याला अडाणी समजतात, असं बरंच काही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी देतानी घर पाह्यतो का नाही आपन? मी तं वावर देऊन राह्यली, बाबू. अन् तो फुकट सांगते, तं त्याचं पोट कोन भरते?"

नारळ घरी परत आला आणि त्याची चटणी झाली.

मग शाळेतल्या एका बाईंनी बीबी गावचा एक सल्लागार सुचवला. तो कंपन्यांकडून कमिशन घेत नाही, आपल्याकडून फी घेतो, म्हणाल्या. फी ऐकून माझं तोंड कडू झालं. तरी त्याची सरकारदरबारी नोंदणी आहे का ते मी मोबाइलवर पाहिलं. होती. आईला त्याचं काही कौतुक नव्हतं. तिनं नवा नारळ पिशवीत टाकला.

सोयरीक बघताना आमच्याकडे आधी शेजारीपाजारी चौकशी करतात. बीबीत उतरल्यावर आई सरळ त्या सल्लागाराच्या शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथल्या म्हाताऱ्याकडं पाणी मागितलं आणि बाजूचा माणूस कसा आहे, असं सहज विचारलं. म्हातारा भडकलेलाच होता. एकदम बेकार माणूस, म्हणाला. दोन वर्षांत पैसा दुप्पट करून देणारे लोक गावात आले होते, अख्ख्या गल्लीनं पैसे भरले, आणि यानं मात्र घरात घुसून, भांडून म्हाताऱ्याला अडवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

त्या दुप्पटवाल्यांचं पुढं काय झालं, असं आईनं विचारलं.

"पयाले ना ते पैसे घेऊन," म्हातारा म्हणाला. "पन त्यानं माह्या घरात येऊन बोलाचं काही काम होतं का?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं.

सल्लागारानं आम्हाला घरातच बसवलं. पहिला प्रश्न मला नाही, आईला केला. महिन्याला किती लागतात, औषधं कोणती चालू आहेत. बराचसा पैसा मुदत ठेवीत आणि पोस्टात राहू द्या, म्हणाला. थोडाच दुसरीकडे लावू, तोही पाच-सात वर्षं हात न लावायच्या बोलीवर. यात दुप्पट असं काहीच नव्हतं. तेव्हा मी माझं घोडं पुढं दामटलं. खातं दोघांच्या नावानं करू आणि त्यातून चिखलीला माझ्या नावानं एक प्लॉट घेऊ, म्हटलं. आईसमोर हे मी पहिल्यांदाच बोलत होतो.

त्यानं पेन खाली ठेवलं.

"राग नका मानू भाऊ. वावर मावशीचं होतं, पैसाबी मावशीच्याच नावानं राहू द्या. तुमचं नाव वारस म्हनून लावू. प्लॉटले मावशीनं मनानं देल्ले तं घ्या, पन मी तसं लिहून देनार नाही."

माझी कानशिलं तापली. फी माझ्या खिशातून जाणार आणि वर बोलणीही मीच खायची. पण खरं सांगतो, थोड्याच वेळात छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. महिनाभर मी लोकांपासून आईचा पैसा राखत हिंडत होतो, आणि त्याच लोकांच्या रांगेत मीही उभा होतो. मलाही अडवणारं कोणीतरी आता भेटलं होतं.

आईनं नारळ काढून त्याच्या हातावर ठेवला. देवाचा का, त्यानं विचारलं. सोयरिकीचा, ती म्हणाली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी खिडकीबाहेर बघत होतो. कंडक्टर आला तेव्हा माझ्याआधी तिनं दोघांच्या तिकिटाचे पैसे काढले.

"तो चिखलीचा प्लॉट मले एक डाव दाखवजो," ती म्हणाली. "पसंत पडला तं पाहू. पन आधी बाजूवाल्याले इचारू."