सासूबाईंची जास्वंद

भिंगवाले म्हणजे रोपवाटिका तपासणारे सरकारी निरीक्षक. कुणाच्याही घरी गेले की हे गृहस्थ यजमानांच्या आधी कुंडीतल्या पानाची पाठ बघतात, त्यामुळे त्यांना पुन्हा बोलावणारी घरं फारशी उरलेली नाहीत. यंदा बदली झाली आणि नेमकी सासूबाईंची रोपवाटिका त्यांच्या वाट्याला आली. तिथे जास्वंदीच्या पानाखाली त्यांना कापसासारखे ठिपके दिसले.

“पिठ्या ढेकूण,” ते चाचरत म्हणाले.

“पाण्याचे डाग असतील, जावईबापू. चष्मा पुसा.”

तेवढ्यात एक डाग चालू लागला.

भिंगवाल्यांनी घाम पुसत तीन आठवड्यांच्या विक्रीबंदीचा कागद लिहिला. ऐन विक्रीच्या दिवसांत दुकान बंद, तरी सासूबाईंनी तो शांतपणे वाचला.

“आधी विकलेली रोपंही शोधून बंदिस्त करायची, असं लिहिलंय.”

“हो. कुणाकडे गेलीत, सांगा.”

“सहा जास्वंदी लेकीकडे. म्हणजे तुमच्याच गॅलरीत.”

संध्याकाळी भिंगवाल्यांनी स्वतःच्या गॅलरीच्या दाराला सील लावलं. मागे बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी.

“आता हे कुठे वाळत घालू?”

“नियमात कपड्यांचा उल्लेख नाही.”

“मग अंगावरच वाळवा.”

तीन आठवडे भिंगवाले दमट शर्टात ऑफिसला गेले. फेरतपासणीत सासूबाईंची सगळी पानं स्वच्छ निघाली आणि दुकान उघडलं. गॅलरीत मात्र एक ठिपका चालताना सापडला. घरात तो दुसऱ्या कुणालाही दिसला नव्हता. भिंगवाल्यांनी तो बायकोला दाखवला आणि गॅलरीसाठी आणखी तीन आठवड्यांचा नवा कागद लिहायला घेतला.