पन्नासरावांची गुरुवारची सुट्टी

आधीच सांगून टाकते... मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. माझं माहेर बार्शीचं. आमच्या गल्लीत प्रत्येकीला एकदा तरी कुणीतरी दिसलेलं आहे, मला मात्र आजवर साधी सावलीसुद्धा वाकडी दिसली नाही. अमावस्येला मी मुद्दाम चप्पल खरेदी करते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. नवरा म्हणाला, लिही, पण आडनाव घालू नकोस. म्हणून फक्त वैशाली.

मी राहायला रहाटणीला, नोकरी चाकण एमआयडीसीत. आमची कंपनी गाड्यांच्या कारखान्यांसाठी असेंब्ली लाइन बनवते. लाइन लोखंडात उभी राहण्याआधी मी ती कॉम्प्युटरवर उभी करते, आणि कस्टमर डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून तिच्यात फिरून बघतो - रॅक फार उंच नाही ना, कामगाराचा हात पोचतो ना, वाकून वाकून त्याची कंबर जाणार नाही ना. यासाठी पहिल्या मजल्यावर, स्टोअरच्या शेजारची एक खोली मी भांडून मिळवली होती. आमचे डिझाइन हेड जगताप साहेब तिला ‘व्हिडिओ गेमची खोली’ म्हणायचे. जर्मनीच्या मोठ्या कस्टमरने तिथून लाइन पास केली तर खोली राहील, नाहीतर तिथे पुन्हा भंगार जाईल आणि मी पुन्हा कागदी ड्रॉइंगवर, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

आता पन्नासराव. अशा लाइनवर तपासणीसाठी एक खोटा माणूस उभा करतात. आमचा चार नंबरच्या स्टेशनवर होता. करड्या रंगाचा, पिवळं हेल्मेट घातलेला, तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा. फाइलमध्ये त्याचं नाव एम-फिफ्टी, म्हणजे सरासरी उंचीचा पुरुष. शॉप फ्लोअरवरची माणसं हेडसेट लावून बघायला यायची, त्यांनी त्याचा पन्नासराव केला. तो बोल्ट उचलायचा, लावायचा, घट्ट करायचा, पुन्हा पहिल्यापासून. दुसरं काही मी त्याला शिकवलंच नव्हतं.

बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. माझा नवरा भोसरीला, त्यालाही गुरुवारच. पण जर्मनीवाल्यांचा लाइन पास करायचा रिव्ह्यू जवळ आल्यामुळे साहेब मला दर गुरुवारी बोलवायचे. अशाच एका गुरुवारी मी हेडसेट लावला, तर चार नंबरवर कुणी नाही. बोल्टचा ट्रे आहे, बोल्ट घट्ट करायची गन आहे, पन्नासराव गायब.

मला वाटलं, फाइल बिघडली. पुन्हा लोड केली, जुनी कॉपी उघडली, कॉम्प्युटरची तारीख बदलून बुधवार केला... काही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिकडच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मात्र महाराज हजर! पुढच्या गुरुवारी परत गायब. त्याच्या पुढच्याही. आणि जर्मनीवाल्यांनी रिव्ह्यूसाठी दिवस दिला तो नेमका गुरुवार. त्यांचा तो कामाचा दिवस, त्यात त्यांची चूक नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणू नकोस.

शेवटी मी मुंगसेदादांना गाठलं. मुंगसेदादा म्हणजे आमचे युनियनचे प्रतिनिधी, चाकणजवळच्याच गावातले. गडी भांडायला एक नंबर. कॅन्टीनच्या पोह्यांत शेंगदाणे कमी पडले म्हणून त्यांनी एकदा एचआरला घाम फोडला होता. मी गेले होते ते जरा मन मोकळं करायला, पण त्यांनी माझी अडचण सरळ केस म्हणून हातात घेतली.

"ताई, सुट्टीच्या दिवशी कसा यील त्यो? त्याला कुनी इचारलं का? सी-ऑफ देनार का त्याला?"

सी-ऑफ म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केलं की बदल्यात मिळते ती सुट्टी. मी हसले. दादा हसले नाहीत. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी हेडसेट घालून ते चार नंबरवर गेले आणि बोल्ट लावणाऱ्या पन्नासरावांना शांतपणे समजावून सांगितलं की उद्या एक दिवस यायचं हाय, पाव्हणे हायेत, सोमवारी सी-ऑफ, शब्द माझा. मी दाराला आतून कडी लावून उभी होते. कुणी बघितलं असतं तर आम्हा दोघांची नोकरी गेली असती.

गुरुवारी दुपारी रिव्ह्यू सुरू झाला. साहेब, मी, मुंगसेदादा खोलीत, माझ्या हेडसेटमधलं सगळं समोरच्या स्क्रीनवर. कस्टमरकडून तपासणाऱ्या उलरिकेबाई जर्मनीहून जोडल्या गेल्या. व्हीआरमध्ये त्या म्हणजे हवेत तरंगणारं एक निळं डोकं आणि दोन हात, मध्ये काही नाही. याला कुणी भूत म्हणत नाही, याला कोलॅबरेशन म्हणतात. मी जीव मुठीत धरून त्यांना एक, दोन, तीन नंबर दाखवले आणि चार नंबरकडे वळले.

पन्नासराव आले होते! पण बसले होते. जमिनीवर, मांडी घालून, हेल्मेट काढून शेजारी ठेवलेलं. मी शपथेवर सांगते, त्या फाइलमध्ये बसायची हालचालच नव्हती. आणि हेल्मेट डोक्यापासून वेगळं निघत नव्हतं, दोन्ही मिळून एकच तुकडा होता.

उलरिकेबाईंनी विचारलं, ऑपरेटर काम का करत नाही? साहेबांनी इंग्रजीत ठोकून दिलं की टी ब्रेक आहे. मी हेडसेट काढला. मग माइक बंद करून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खोलीतलं भंगार मला आत्ताच दिसायला लागलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि हा बाबा मांडी घालून बसलाय.

मुंगसेदादांनी माझ्या हातातून हेडसेट घेतला, आत डोकावले, आणि काढून परत दिला.

"साहेब, आलाय त्यो, पन काम न्हाई करनार. कुनाचा तरी सी-ऑफ थकलाय."

"कुणाचा?" साहेब म्हणाले.

"आमचा न्हाई. आमी थकू देत न्हाई." दादांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या ताईंला इचारा."

मला ब्रह्मांड आठवलं. खरंच होतं ते. कितीतरी गुरुवार मी आले होते आणि एकाचाही सी-ऑफ मिळाला नव्हता. मी मागितलाच नव्हता. खोली टिकवायची होती ना... पण हे मी दादांना कधी बोलले नव्हते. नवऱ्याला सोडून कुणालाच नव्हते.

साहेब पहिल्यांदाच त्या खोलीत हेडसेट घालत होते. घातला, आणि पन्नासरावांकडे वळले. मग अगदी हळू इंग्रजीत बोलायला लागले.

"मराठीत बोला, साहेब," दादा म्हणाले.

"वैशालीच्या सगळ्या सुट्ट्या देतो," साहेब म्हणाले. "सगळ्या. सोमवारपासून." थोडं थांबून, "आता उठा," असंही म्हणाले. आम्हाला ते कधी अहो-जाहो करत नाहीत.

समोरच्या स्क्रीनवर मी बघत होते. पन्नासराव उठले, हेल्मेट चढवलं, बोल्ट उचलला, लावला, घट्ट केला. उलरिकेबाईंनी सगळे कोन तपासले, रॅक थोडा खाली घ्यायला सांगितला आणि लाइन पास केली. जाता जाता म्हणाल्या, ब्रेकचं हे फीचर फार छान आहे, पुढच्या प्रोजेक्टलाही ठेवा. साहेबांनी नक्की म्हणून सांगितलं.

नंतर मी ती फाइल पिंजून काढली. काही नाही सापडलं. मुंगसेदादांवर संशय घ्यावा तर त्यांना माऊस धरता येत नाही. रिव्ह्यूचं रेकॉर्डिंग मात्र आहे, आणि त्यात पन्नासराव मांडी घालून बसलेले स्वच्छ दिसतात. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा, काय झालं असेल. साहेबांना विचारायची सोय नाही, ते आता त्या खोलीच्या दारावर टकटक करून आत येतात.

सोमवारी माझा सी-ऑफ होता, आणि कबूल केल्याप्रमाणे पन्नासरावांचाही. मी दुपारपर्यंत झोपले. उठले, चहा घेतला आणि एकाएकी रडायलाच आलं. तेवढ्यात नवऱ्याचा कंपनीतून फोन आला, तो घाबरला. त्याला काय सांगणार होते? इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या सुट्टीसाठी कुणीतरी काम थांबवून बसलं होतं, आणि त्याला तोंडसुद्धा नव्हतं.