मासवणचं गवत

पिंजऱ्याचं दार लावलं की तो आधी पापणीवरची पिवळी गाठ चाचपायचा आणि मग सशाकडे बोट दाखवून मला म्हणायचा, "ताई, त्याला बोलता येत नाय. तुमीच नीट बघा."

तारापूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तो ससे सांभाळायचा, मी त्यांचं रक्त तपासायची. त्याच्या गाठी चरबीच्या. आजार घराण्यातलाच, बाप आणि थोरला भाऊ चाळिशीच्या आत छाती धरून गेलेले. गोळ्या खाऊनही याचं कोलेस्टेरॉल ढिम्म हलत नव्हतं.

आणि आमचा प्रयोग नेमका त्यावरच! सगळ्या सशांना चरबीचं खाद्य घालायचं, अर्ध्यांना निरोगी जनुकाचं इंजेक्शन द्यायचं, आणि त्यांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात का ते पाहायचं. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "जमलं की माणसांत पहिलं इंजेक्शन तुला!" त्यांची थट्टा हो ती. यानं ती खरी मानली.

आणि जमलं की! इंजेक्शनवाल्या सशांच्या रक्तवाहिन्या अगदी पिलांसारख्या लवचिक. साहेबांनी पेढे वाटले. पेढा तसाच हातात धरून यानं मला बाजूला घेतलं.

"ताई, इंजेक्शनवाल्यांना मी ते खाद्य घातलंच नाय. आमच्या गावाहून, मासवणहून, रोज गवत आणून घातलं. म्हटलं, ते पास झाले तर औषध लवकर येल."

मी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, मग गुण जनुकाचा की गवताचा, कसं कळायचं?"

त्यानं पेढा खाली ठेवला. "म्हंजे मीच वाट लावली," म्हणाला आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. मी मागोमाग.

साहेबांनी ऐकून घेतलं, दार लावलं. "तू काही बोलला नाहीस. मॅडम, तुम्ही काही ऐकलं नाहीत."

"साहेब, सशाला बोलता येत नाय. मला येतं."

दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच अडवलं. मला साहेबांनी खाद्याची नोंदवही दिली. सगळ्यांना सारखंच खाद्य, अशा नोंदीखाली मी सही केली. शी! साहेबांची किळस येते म्हणावं, तर ती सही कोणाची?

दोन वर्षांनी तोही छाती धरूनच गेला. मी मासवणला गेले. त्याच्या बायकोनं वीस वर्षांच्या लेकीला पुढ्यात बसवलं. पोरीच्या पापणीवर पिवळा ठिपका होता.

"कंपनीची माणसं येऊन गेली. ते इंजेक्शन आता माणसांवर करून बघनार, त्यात हिचं नाव घालतात. हे म्हणायचे, ताईंना खरं ठावं हाय. द्यायचं का नाव?"

"नका देऊ," मी म्हणाले. गवताचं सांगितलं. सहीचंही सांगितलं.

त्या बाईनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. बरंच केलं.

पोर तेवढी बसून राहिली. "मग माझ्यासाठी काय हाय, ताई?" तिनं विचारलं, आणि बापासारखीच पापणी चाचपायला लागली.